दुसरी खोली मोठी आहे

२ एप्रिल, बुधवार

सरकार पडलं. धाकटा पक्ष आघाडीतून बाहेर पडला. कारण काय, तर म्हणे आम्हाला विश्वासात घेतलं नाही. अरे, तीन वर्षं मांडीला मांडी लावून बसलात, आता विश्वास कुठे शोधताय? हल्ली कुणाला कुठे टिकायचंच नाही. खुर्ची सोडायची, पक्ष सोडायचा, नवरा सोडायचा. त्या टेनिसवालीने तिसरा सोडला. पहिल्या पानावर फोटो. हसतेय.

या सगळ्याची शांत डोक्याने कुणीतरी नोंद ठेवायला हवी. म्हणून ही रोजनिशी. रोज एक पान, परखड. घरगुती रडगाणं नाही.

ता. क. नाश्त्याला हे म्हणाले, थंड हवेच्या ठिकाणी एका निवासी शाळेत मुलींना हॉकी शिकवायचं काम मिळालंय. सत्तावीस तारखेला निघायचं. रात्रभर बसचा प्रवास. राहायला दोन खोल्या देतात. दुसरी खोली मोठी आहे म्हणाले, खिडकी पूर्वेला आहे, सकाळी छान ऊन येतं. मी म्हटलं, पाहिलंत का, अर्थमंत्रीही गेला. हे म्हणाले, हं. विषय संपला.

३ एप्रिल, गुरुवार

हे जाणार नाहीत. पूर्ण विचारांती या निष्कर्षाला आले आहे. ज्या माणसाला स्वतःच्या घरातलं गीझरचं बटण ठाऊक नाही, जो चुकून बाहेरचा दिवा लावतो आणि गार पाण्याने अंघोळ करून येतो, वर तक्रारही करत नाही, तो परगावी काय राहणार? उभा जन्म विमा कंपनीत गेला. ऑफिसच्या टीममध्ये हॉकी खेळायचे, तेही पोट नव्हतं तेव्हा. निवृत्त झाल्यापासून खुर्चीत बसून टीव्हीतल्या अंपायरला शिकवतात. तेवढं पुरे आहे.

लोक मला विचारतात (अजून कुणी विचारलेलं नाही, पण विचारतील), की चौतीस वर्षांत तुमचं एकदाही भांडण कसं झालं नाही? उत्तर सोपं आहे. पेपर वाटून घ्या. आमच्याकडे पहिलं पान माझं, शेवटचं यांचं. जे काही बोलायचं ते बातमीतून. माझी आई पाच महिने राहायला आली होती तेव्हा हे एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त एकदा शेवटचं पान वाचता वाचता म्हणाले, पाहुण्या टीमचा दौरा फार लांबला की खेळाची मजा जाते. मला दोन आठवड्यांनी उलगडा झाला. आईला त्याच दिवशी झाला होता, पण तिने कळू दिलं नाही. याला म्हणतात संस्कार.

लेकीचा फोन. आई, बाबांनी तुला विचारलं ना? मी म्हटलं, विचारलं नाही, सांगितलं. ती म्हणाली, अगं, खिडकी पूर्वेला आहे म्हणाले ना? मग विचारलंच की! बाबा एवढंच विचारू शकतात. मी म्हटलं, खिडकीची दिशा ही माहिती असते. ती म्हणाली, तुम्हा दोघांना दुभाष्या लावायला हवा गं.

ही लेक एका दाढीवाल्याबरोबर लग्न न करता राहते. तिने मला संसार शिकवावा, म्हणजे कमाल झाली.

६ एप्रिल, रविवार

संकल्प: यांना अडवायचं नाही. घरच असं करायचं, की पाय निघणार नाही.

म्हणून कॅरॅमल कस्टर्ड केलं. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी शिकवलेलं. सेट झालं नाही. (दूध हल्लीचं. सरकारचं लक्ष कुठे आहे?) हे वाटीभर प्यायले आणि म्हणाले, सूप बरं झालंय. मग म्हणाले, शाळेच्या मेसमध्ये दर शुक्रवारी कस्टर्ड असतं.

दुपारी टीव्हीवर मुलींच्या हॉकीची सेमीफायनल. मी शेजारी बसले. एवढ्या तोकड्या पँटी घालून धावायचं, आणि प्रत्येक गोलनंतर एकमेकींच्या अंगावर उड्या मारायच्या. आम्ही नेटबॉल खेळायचो ते प्लीट्सच्या स्कर्टमध्ये. सिस्टर आम्हाला गुडघ्यांवर बसवून बघायच्या, स्कर्टची कड जमिनीला टेकते की नाही. टेकली तरच मैदानात. आणि तरी आम्ही कप आणला होता. पायांत पांढरे कॅन्व्हासचे बूट, वर खडू फासलेला, आणि मैदानाकडेला मेंदीच्या कुंपणाचा वास. अजून डोळे मिटले की येतो.

हे अचानक म्हणाले, तू कुठे खेळायचीस? म्हणजे कुठल्या जागी? चौतीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं. गोल डिफेन्स, म्हणायला तोंड उघडलं. पण भलतंच निघालं. मी म्हटलं, त्या गोलकीपरच्या आईला किती काळजी वाटत असेल. हे म्हणाले, हो, वाटत असेल. मग म्हणाले, तिकडच्या मुलींना इंग्रजी बोलायला शिकवणारं कुणी नाही. मी म्हटलं, इंग्रजीचा दर्जा सगळीकडेच घसरलाय. बातम्या देणाऱ्यांनासुद्धा बोलता येत नाही.

यांनी आवाज वाढवला. टीव्हीचा.

इथे एक नोंद करून ठेवते, म्हणजे गैरसमज नको. मला जायचं नाहीच. पण समजा जायचं असतं, तरी यांनी नीट विचारायला हवं. आम्हाला शाळेत शिकवलं होतं: कुणी केक पुढे केला, तर पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा खरंच नको, तिसऱ्यांदा थँक्यू म्हणून घ्यायचा. पहिल्या फटक्यात हो म्हणणारी मुलगी हावरट दिसते. या शिस्तीमुळे मी आयुष्यात बराच केक खाल्लेला नाही, पण मान राखून आहे.

९ एप्रिल, बुधवार

हे माळ्यावरून ट्रंक काढून बसले आहेत. जुना पसारा आवरताहेत, चांगलं आहे. आतून दोन हॉकी स्टिका, गुडघ्याचे पट्टे आणि एक शिट्टी निघाली. वाजते का बघू म्हणाले आणि हॉलच्या मधोमध उभं राहून वाजवली. खालची बँकवाली धावत वर आली. वहिनी, काय झालं? गॅस लीक झाला का? मी म्हटलं, नाही, यांची शिट्टी.

ती बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, तुम्ही दोघं निघालात म्हणे. मग घर भाड्याने देणार असाल तर माझ्या बहिणीला सांगा हं, स्वच्छ आहे ती. मी हसले. म्हटलं, मी कुठे निघाले? ती म्हणाली, अय्या, भाऊजी तर म्हणाले, हिचं अजून ठरतंय.

माझं ठरतंय! माझं काय ठरायचंय? ज्या गोष्टीबद्दल मला कुणी विचारलेलं नाही, ती माझ्या वतीने जिन्यात उभं राहून परस्पर सांगायची? उद्या नाश्त्याला सरळ विषय काढणार. गोल गोल काही नाही. बस्स.

१० एप्रिल, गुरुवार

पेपर आला नाही. टाकणाऱ्यांचा संप. संप करणाऱ्यांबद्दल माझी मतं सर्वांना ठाऊक आहेत.

हे समोर बसले. मी समोर बसले. मध्ये टोस्ट. पेपर नसला की समोरच्या माणसाचा चेहरा केवढा मोठा दिसतो. यांच्या डाव्या भुवईत एक पांढरा केस वर उभा राहिलाय, तो मी कधी पाहिला नव्हता. कापायला हवा.

मग यांनी टोस्टचं पाकीट उचललं आणि मागची बाजू वाचून म्हणाले, यात मीठ कमी केलंय. मी म्हटलं, पूर्वी जास्त असायचं. हे म्हणाले, हो, पूर्वी होतं.

मग हे फिरायला गेले. टोपी विसरून.

विषय काढला नाही, कारण वातावरण नव्हतं.

१३ एप्रिल, रविवार

लेक आणि दाढीवाला जेवायला. दाढीवाल्याने यांची ट्रंक भरायला मदत केली. स्टिका तिरक्या ठेवल्या की मावतात, हे त्याने शोधून काढलं. हे त्याच्यावर खूश.

जेवताना मी त्याला सौम्यपणे लग्नसंस्थेबद्दल सांगितलं. म्हटलं, खुंटा बळकट असला की माणूस निर्धास्त राहतो. तो म्हणाला, मावशी, पण खुंटा कुणी आणि गाय कुणी व्हायचं, हे आधी विचारून घेतलेलं बरं. लेक एवढी हसली, की तिला ठसका लागला.

हा मुलगा सारखा विचारतो. वाढू का? थकलीस का? पंखा कमी करू? कंटाळा आलाय का, निघू या? आणि ती सरळ हो म्हणते! आमच्यासमोर! आमच्या वेळी नवऱ्याला कळायचं. नाही कळलं तरी तो विचारायचा नाही. त्यात एक डौल होता.

हे मात्र दाढीवाल्याकडे टक लावून बघत होते, मॅचचा रिप्ले बघतात तसे. ती दोघं गेल्यावर भांडी विसळताना माझ्याजवळ येऊन उभे राहिले. हातात फडकं. (फडकं कुठे असतं, हे यांना माहीत होतं तर!) म्हणाले, तुला... थंडी सोसते ना? मी म्हटलं, हवामानाचं काही खरं उरलं नाही. सगळ्या देशांनी मिळून वाट लावलीय, परिषदा तेवढ्या घेतात. हे म्हणाले, तेही खरं. एक पेला पुसला आणि गेले.

परिषदांबद्दल मी बोलले ते योग्यच होतं. पण पेला कोरडा झाला नव्हता. मी तो पुन्हा पुसला, मग उगाच आणखी एकदा.

१६ एप्रिल, बुधवार

नवी योजना. बायको आजारी असताना कुठलाही सभ्य माणूस घर सोडत नाही. सकाळपासून पाठ धरली आहे. (थोडी खरंच धरली होती. ट्रंक ढकलून बघितली होती, किती जड झालीय ते.)

यांनी धावपळ केली. डॉक्टरला फोन, शेक, गोळी. मग ती खेळाडूंची, डोळ्यांत पाणी आणणारी मलमाची ट्यूब काढली आणि पाठीला लावून दिलं. यांचे हात अजून मोठे आणि गरम आहेत. लग्नानंतर पहिल्या वर्षी मला टायफॉइड झाला होता, तेव्हा याच हातांनी कपाळावर घड्या ठेवायचे. मला एकदम खूप काही बोलावंसं वाटलं. अगदी ओठांवर आलं. मी म्हटलं, सेमीफायनलमधल्या त्या सेंटर फॉरवर्डचा गुडघा कसा आहे हो आता?

हे फुलले. लिगामेंट म्हणजे काय, ते माझ्याच गुडघ्यावर दाखवलं. मी ऐकत राहिले. असं आम्ही किती दिवसांनी बोललो.

उठताना म्हणाले, आता महिनाभर जपायचं हं. असल्या पाठीने बसचा प्रवास म्हणजे वेडेपणा.

पाठ लगेच बरी झाली. पण ते सांगायचं कसं?

१९ एप्रिल, शनिवार

बाजारात स्वेटर स्वस्त लागले होते म्हणून एक घेतला. राखाडी, कॉलरचा. इथे लागत नाही, पण वस्तू चांगली होती.

माझी जुनी सूटकेसही काढली, नुसती ऊन दाखवायला. तिची मूठ तुटली आहे. दुरुस्तीवाल्याकडे नेली. तो म्हणाला, कधी निघायचंय? मी म्हटलं, निघायचं नाहीये. तो म्हणाला, मग घाई नाही ना, सोमवारनंतर या. मी म्हटलं, नको, शनिवारपर्यंत हवी. तो म्हणाला, आज शनिवारच आहे. मी म्हटलं, पुढच्या. तो माझ्याकडे बघत राहिला. कामगारवर्गात सौजन्य उरलेलं नाही.

घरी येऊन संध्याकाळभर यांच्या आसपास वावरले. विचारायला सोपं जावं म्हणून. इंग्रजी मासिक मोठ्याने वाचलं. थंडी वाजत नाही, असंही मी दोनदा म्हणाले, पंख्याखाली बसून. हे म्हणाले, बंद करू का?

२२ एप्रिल, मंगळवार

नवं सरकार आलं. गंमत म्हणजे तो धाकटा पक्ष त्यातही नाही. त्यांचा नेता पत्रकारांना सांगतो, आम्ही तयार होतो, पण आम्हाला नीट बोलावणंच आलं नाही.

वा रे शहाणा! बोलावणं कसलं मागतोस? दार उघडं होतं ना? बैठकीला जायचं, खुर्ची ओढायची, बसायचं. रुसून घरी बसलास, आता बस पुढची निवडणूक येईपर्यंत. हे मी यांना तावातावाने ऐकवलं. हे चमचा हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, खरंय. पण समोरच्यालाही कसं कळायचं, की याला यायचंय? तो तर प्रत्येक मुलाखतीत भलतंच बोलत होता.

मी म्हटलं, राजकारणात मुरलेल्यांना कळतं.

हे म्हणाले, मुरलेले असले तर.

राजकारणाची यांना मुळात समज कमी.

२५ एप्रिल, शुक्रवार

हे मला घर शिकवताहेत. फ्यूज कुठला, टाकीचा कॉक कुठे, रिमोटवर बातम्यांचं बटण कोणतं. (गीझरचं बटण मी त्यांना दाखवलं. म्हणाले, अरेच्चा!) रिमोट मी मुद्दाम शिकले नाही. एवढं साधं जमत नाही म्हटल्यावर बायकोला एकटी सोडून कोण जाईल? यांनी पुन्हा शिकवलं. पुन्हा. अजिबात न चिडता, प्रत्येक वेळी माझं बोट धरून बटणावर ठेवत. मुलींना चांगलं शिकवतील.

शेवटी म्हणाले, जमेल तुला. लेक आहे, खालच्या वहिनी आहेत. काळजी वाटत नाही मला.

काळजी वाटत नाही, हे चांगल्या अर्थाने म्हणाले.

परवा स्टँडवर सांगणार. सूटकेस उद्या येते. दोन साड्या, स्वेटर, मलम, एवढंच घ्यायचं, बाकीचं मागाहून. बस सुटायच्या आधी सहज म्हणायचं: चला, मीही येते. हे हसतील. बस्स, इतकं सोपं आहे.

२७ एप्रिल, रविवार

स्टँड. गर्दी. लेक, दाढीवाला, ट्रंक, स्टिका. सूटकेस आणली नाही. दुरुस्तीवाल्याचं दुकान काल बंद, आजही बंद. पिशवीत बांधाबांध करून परगावी जाणं मला पटत नाही.

तरी म्हणणार होते. हे बसच्या पायरीवर उभे राहिले. लेक दाढीवाल्याला ओढून मासिकांच्या दुकानाकडे गेली, आम्हाला बोलता यावं म्हणून. कंडक्टर ओरडत होता, सुटली, सुटली, चला आत. हे म्हणाले, मग? मी म्हटलं, मग. हे म्हणाले, काही राहिलं का? मी त्यांच्या भुवईतला तो केस पाहिला. कापायचा राहिलाच. मी म्हटलं, स्कोअर कळवत जा.

हो म्हणाले. आत गेले. खिडकी उघडेना, काचेआडून काहीतरी बोलले. मी मान हलवली. काय बोलले, ते कळलं नाही.

दाढीवाल्याने विचारलं, मावशी, तुमचा हात धरू का? मी म्हटलं, नको. त्याने पुन्हा विचारलं नाही, नुसताच धरला.

३० एप्रिल, बुधवार

आज पेपर उघडला नाही. दोन्ही पानं माझीच झाली आहेत, घाई नाही.

दुपारी मीच फोन लावला. आधी एका कागदावर वाक्य लिहून घेतलं होतं, म्हणजे भलतीकडे जायला नको. यांनी उचलला. आवाज धापा टाकणारा, मजेत. मी कागदावरून वाचलं: मला तिकडे यायचं आहे, तुमच्याबरोबर राहायला.

मग म्हणाले, अगं. मग पुन्हा म्हणाले, अगं, तू आधी का नाही... परवा येताच वॉर्डनने विचारलं, मॅडम येणार आहेत का? मी म्हटलं, तसं काही म्हणाली नाही ती. तेव्हा दुसरी खोली असिस्टंट कोचला दिली. चांगली मुलगी आहे, सामान लावून झालं तिचं. आता वर्षअखेरीपर्यंत... पण पाहुण्यांची खोली आहे, सुट्टीत दोन रात्री राहता येतं. येशील?

हो, म्हटलं. येते. आणि मग, कागदावर नसलेलं, विचारून टाकलं: तुम्हाला तिथे करमतं का हो माझ्याशिवाय?

लांबून मुलींचा गलका. बहुतेक कुणीतरी हाक मारली आणि हे फोन टेबलावर ठेवून पळाले. त्यांनी शेवटचं ऐकलं की नाही, कोण जाणे. मी कानाला धरून बसले. बऱ्याच वेळाने कुणीतरी फोन उचलला. बारीक आवाज. हॅलो? सर ग्राउंडवर गेले. आपण कोण?

मी म्हटलं, मी त्यांची मिसेस.

ती म्हणाली, अय्या, सरांचं लग्न झालंय?

मी म्हटलं, हो गं, झालंय.

बरं, सांगते हं सरांना, म्हणाली आणि फोन ठेवला.